रस्त्यात बाबासाहेब भेटले, तेव्हा

भंडारा जिल्ह्यात कोणाच्याही घरी बसा आणि विचारा की तुमच्या घरातल्या कोणी मोठा माणूस जवळून पाहिला आहे का. उत्तर बहुतेक वेळा १९५४ सालात जाऊन पोचतं. "आमच्या आज्यानं बाबासाहेबाले डोयानं पाह्यलं." कोणाच्या आज्याने धूळ उडवत जाणारी मोटार पाहिली, कोणी सभेत सतरंज्या अंथरल्या, कोणी पाण्याचा लोटा नेऊन दिला. आमच्या मोहल्ल्यातही अशा गोष्टी आहेत. कोणाचे दादाजान सभेला गेले होते, कोणाच्या नानांनी दुकानाच्या फळीवर उभं राहून त्यांना पाहिलं. ऐकताना बरं वाटतं. मोठा माणूस आपल्या गावच्या रस्त्यावरून गेला, त्याची नजर आपल्या माणसावर पडली, एवढ्याने घर थोडं उंच होतं.

आता त्या सालची हकीकत पाहू. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच होता. मे १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब त्रेसष्ट वर्षांचे होते. मधुमेह होता, पायांचं दुखणं वाढलेलं होतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो ते मी सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी, १९५२ मध्ये, मुंबईत ते नारायणराव काजरोळकरांकडून हरले होते. राज्यसभेत होते, पण लोकांनी थेट निवडून दिलेल्या सभागृहात जायची इच्छा होती. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे ते राखीव जागेसाठी उभे राहिले. समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. निकाल लागला तेव्हा बाबासाहेबांना सव्वा लाखाहून जास्त मतं होती आणि तरीही ते आठ हजारांच्या आसपास मतांनी हरले होते.

म्हणजे ज्या जिल्ह्यात आज घरोघरी त्यांना पाहिल्याची आठवण सांगतात, त्या जिल्ह्याने त्यांना पाडलं होतं.

हे मी कोणाला टोचावं म्हणून लिहीत नाही. निवडणुकीत हार-जीत होते, लोक पक्ष पाहतात, चिन्ह पाहतात, गावच्या मालगुजाराचं तोंड पाहतात. पण इतकी वर्षं मी या आठवणी ऐकतो आहे, आणि त्यात "आमच्या आजोबांनी बोरकरांना मत दिलं होतं" असं सांगणारा मला अजून भेटला नाही. ती लाखाच्या वरची मतं कोणी दिली? ती माणसंही याच गावांत राहत होती, त्यांनाही नातवंडं झाली. आठवणींच्या हिशेबात ती मतं कुठेच सापडत नाहीत.

त्या निवडणुकीतली एक गोष्ट मात्र इथे सांगायला हवी, कारण ती आमच्या जिल्ह्यात जितकी सांगितली जाते तितकी बाहेर जात नाही. मतदारसंघ दुहेरी होता. प्रत्येक मतदाराला दोन मतं, एक राखीव जागेसाठी, एक सर्वसाधारण जागेसाठी. कार्यकर्त्यांचं म्हणणं असं की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं कोणालाच देऊ नये, कुजवावं, म्हणजे आपलं पारडं जड होईल. मुंबईत १९५२ मध्ये मतं कुजवण्याचा हाच खेळ त्यांच्याविरुद्ध खेळला गेला होता आणि ते त्याविरुद्ध दाद मागायलाही गेले होते. त्यामुळे भंडाऱ्यात तोच डाव आपल्या बाजूने खेळायला त्यांनी साफ नकार दिला, असं त्या काळचे कार्यकर्ते सांगत आले. ज्याने घटना लिहिली त्यानेच मत वाया घालवा कसं सांगायचं? सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आले नाहीत.

१९५४ मध्ये निदान समोरचा माणूस कोण आहे हे लोकांना माहीत होतं. मला जास्त छळतात त्या भेटी वेगळ्या आहेत. समोरच्याला कल्पनाच नव्हती की आपल्याला कोण भेटलं आहे. रेल्वे स्टेशनवर, टोलनाक्यावर, टांग्याच्या अड्ड्यावर, किल्ल्याच्या दाराशी. या भेटींची नोंद भेटलेल्या लोकांनी ठेवली नाही, ती बाबासाहेबांनी स्वतः ठेवली. १९३५-३६च्या सुमारास त्यांनी इंग्रजीत काही आठवणी लिहिल्या. त्यांच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने छोटी पुस्तिका काढली. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात, जिथे ते शिकले, तिथे ती विद्यार्थ्यांना वाचायला देतात. आपल्याकडे बी.एड.ला मला ती कोणी दिली नाही, मी ती फार उशिरा वाचली.

पहिली भेट मसूरच्या स्टेशनमास्तरची. साल १९०१. भीमराव नऊ-दहा वर्षांचा मुलगा. वडील रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर होते, तिथे तलाव खोदला जात होता. थोरला भाऊ आणि दोन भाचे यांच्यासोबत मुलगा साताऱ्याहून आगगाडीने निघाला. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट. मसूरला उतरले तर न्यायला कोणी नाही, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने चांगल्या घरची मुलं पाहून आपुलकीने चौकशी केली. मुलांनी निरागसपणे जात सांगितली आणि त्याचा चेहरा फिरला, पाच पावलं मागे सरकावा तसा तो सरकला. पुढे बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात, तेव्हा याच मास्तरने मार्ग काढला: दुप्पट भाडं द्या, गाडी तुम्हीच हाका, गाडीवान शेजारून चालेल. मला हा माणूस खलनायक वाटत नाही. अडचणीतल्या पोरांना त्याने वाट काढून दिली. फक्त ती वाट अशी होती की नऊ वर्षांच्या मुलाला बैल हाकावे लागले.

रात्री टोलनाका आला. मुलांजवळ जेवण होतं, पाणी नव्हतं. गाडीवानाने सल्ला दिला की नाकेदार हिंदू आहे, खरं सांगाल तर पाणी मिळणार नाही, मुसलमान आहोत म्हणा. मुलगा नाकेदाराकडे गेला आणि उर्दूत बोलला. चांगलं बोलला असणार, कारण त्याला उर्दू उत्तम येत होती असं त्यानेच पुढे लिहिलं आहे. फौजेतल्या सुभेदाराचं घर, जन्म महूच्या छावणीतला, हिंदुस्तानी कानावर असणारच. पण नाकेदार फसला नाही. पाणी हवं तर डोंगरावर जाऊन आणा, माझ्याकडे नाही, असं त्याने सांगितलं. मुलं तहानेली झोपली.

मी उर्दू शिकवतो. "पानी" हा शब्द पहिलीच्या मुलांकडून गिरवून घेतो. आमच्या भाषेचे इतके मुशायरे, इतके जलसे होतात, तिच्या गोडव्याचं इतकं कौतुक होतं. पण नऊ वर्षांचं एक पोर तहान लागली म्हणून ही भाषा पांघरून एका दारात उभं राहिलं, हा तिच्या इतिहासातला प्रसंग मी कोणत्याही जलशात ऐकलेला नाही. आणि अर्थ नीट पाहा. त्या गाडीवानाच्या हिशेबात मुसलमान असणं म्हणजे पाणी मिळण्याची शक्यता असणं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी भेट चाळीसगावच्या टांगेवाल्याची, १९२९. आता तो मुलगा बॅरिस्टर आहे, कोलंबियाची आणि लंडनची शिक्षणं झाली आहेत, अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचा सभासद आहे. त्याच कामासाठी खानदेशात आला होता. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह धरला. स्टेशनवर टांगा यायला बराच वेळ लागला, का ते कळेना. टांगा आला, निघाला, आणि थोड्याच वेळात मोटारीशी टक्कर होता होता वाचला. पुढे नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. पायाचं हाड मोडलं, कित्येक दिवस अंथरुणावर गेले.

मग कळलं ते असं. स्टेशनवरचा एकही टांगेवाला महाराला घेऊन जायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणं महारवाड्याला शोभेना. तोड निघाली की मालक टांगा भाड्याने देईल, हाकणार नाही. म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम धरला, ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पाहुण्याचा मान राखायच्या धडपडीत पाहुण्याचा जीव जाता जाता राहिला. बाबासाहेबांनी त्या वस्तीतल्या लोकांना दोष दिला नाही. टांगेवाल्याबद्दल मात्र त्यांनी विचार केला, की दिवसभर घोड्यामागे राबणारा हा गरीब माणूस एका बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजू शकतो, ते कशाच्या जोरावर?

टांगेवाल्याचं नाव आपल्याला माहीत नाही. अमेरिकेत १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात बसच्या ड्रायव्हरने रोझा पार्क्स यांना जागेवरून उठायला सांगितलं, त्या ड्रायव्हरचं नाव जेम्स ब्लेक. १९४३ मध्ये याच ब्लेकने त्यांना बसमधून उतरवलं होतं. पोलिसांत तक्रार झाली, कोर्ट झालं, म्हणून नाव राहिलं. चाळीसगावात तक्रार कोणाकडे करणार? टांगेवाल्याने कायदा मोडलाच नव्हता. संध्याकाळी घरी जाऊन भाकरी खाल्ली असेल. फुकटचा टांगा मोडला म्हणून चरफडलाही असेल.

या दोहोंच्या मधे, १९१७ सालचं बडोद्याचं प्रकरण आहे. पारशी सराईत पारशी नाव सांगून राहिलेला तरुण अधिकारी, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेले डझनभर पारशी. ते बऱ्याच जणांना ठाऊक आहे, त्यावर थांबत नाही.

मला थांबायचं आहे ते दौलताबादला.

१९३४ साल. बाबासाहेब तीसएक सहकाऱ्यांबरोबर बसने वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. मुलूख निजामाचा. महिना रमजानचा. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला लहान हौद, भोवती रुंद फरशी. प्रवासाने अंग धुळीने भरलेलं. काहींनी फरशीवर बसून हातपाय धुतले, तोंड धुतलं आणि मंडळी दरवाज्याशी जाऊन पहारेकऱ्याला आत जायची रीत विचारू लागली. तेवढ्यात मागून एक म्हातारा आला. पांढरी शुभ्र दाढी. हौद बाटवला म्हणून ओरडत, जातीची शिवी देत. पाहता पाहता आजूबाजूचे तरुण, म्हातारे सगळे मुसलमान जमा झाले. शिव्यांचा भडिमार सुरू झाला. आम्ही बाहेरचे आहोत, इथली रीत ठाऊक नव्हती, असं सांगून पाहिलं, तर गर्दी तिथल्या स्थानिक अस्पृश्यांवर उलटली, तुम्ही यांना सांगितलं का नाही म्हणून. एक तरुण पुन्हा पुन्हा सांगत राहिला की प्रत्येकाने आपापल्या धर्माप्रमाणे वागावं.

तेव्हा बाबासाहेब चिडले. त्यांनी त्याला विचारलं की तुझा धर्म तुला हेच शिकवतो का, आणि उद्या हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर तू त्याला या हौदाचं पाणी घेऊ देशील की नाही? गर्दी गप्प झाली. कोणाकडे उत्तर नव्हतं.

वाचक मित्रहो, आपल्यापैकी जे मुसलमान आहेत त्यांनी हा प्रसंग घाईने ओलांडू नये. म्हाताऱ्याचा रोजा असणार. पहाटेपासून त्याच्या घशात पाण्याचा थेंब गेला नसेल. तहान म्हणजे काय हे त्या दुपारी त्या चौकात त्याच्याइतकं कोणाला कळत असेल? आणि तोच पाण्यावर पहारा देत होता. हात, पाय, तोंड धुणं ही तर आपल्या वजूचीच कृती. मक्तबात शिकलेलं कोणतंही मूल सांगेल की माणसाचं उष्टं पाक आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. हे फिक्हचं पहिल्या इयत्तेतलं ज्ञान आहे. पांढऱ्या दाढीच्या त्या बुजुर्गाला ते माहीत नसेल हे मला पटत नाही. माहीत होतं आणि तरी तो ओरडला. कारण हौदाजवळ उभं असताना तो गावचा माणूस होता, आणि गाव कसं चालतं ते किताबात लिहिलेलं नसतं.

आमच्याकडे यावर एक ठरलेलं उत्तर आहे. ती हिंदूंची चाल होती, आपल्यात शिरली. बरोबर आहे, पण पुरेसं नाही. टोलनाक्यावर तहानलेल्या पोराला गाडीवानाने मुसलमान असल्याचं सांग म्हटलं, कारण मुसलमानाला पाणी मिळतं अशी त्याची खात्री होती. तेहेतीस वर्षांनी तोच मुलगा मोठा होऊन मुसलमानांच्याच मुलखात, मुसलमानांच्याच गर्दीत, रमजानच्या महिन्यात पाण्याजवळ गेला. चाल कुठून आली हा प्रश्न त्या दिवशी त्याच्या उपयोगाचा नव्हता.

दर १४ एप्रिलला आमच्यातले वक्ते महाडचं उदाहरण देतात. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा काहींना महाडच्या मुसलमानांनी घरांत आसरा दिला. त्याच डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. हे खरं आहे आणि अभिमानाने सांगावं असंच आहे. मीही वर्गात सांगतो. पण महाडचा फत्तेखान आणि दौलताबादचा म्हातारा, दोघेही आपलेच. एकाचं नाव आपण भाषणात घेतो आणि दुसऱ्याबद्दल तोंड उघडत नाही, हे १९५४ च्या मतांसारखंच झालं. पाण्याचा लोटा देणारे सगळ्यांचे आजोबा, पाणी नाकारणारा कोणाचाच नाही.

आमचा जिल्हा तलावांचा. मालगुजारीच्या काळात बांधलेले किती तलाव अजून उभे आहेत, त्यांच्यावर धान पिकतं. त्या तलावांच्या काठावर कोणाचा घाट कुठे होता, कोण वरच्या अंगाला पाणी भरायचं आणि कोण खालच्या, हे गावच्या ऐंशी वर्षांच्या बाईला विचारा. बाबासाहेब कोणत्या रस्त्याने गेले हे सांगताना ती खुलेल. घाटाबद्दल विचारलं तर ती थोडा वेळ पदर सावरेल आणि मग "तवाची गोस्ट होती थे" म्हणेल. आमच्या मोहल्ल्यातल्या दादींना विचारलं तरी असंच होईल. कपबशी वेगळी ठेवलेली घरं फार लांब शोधायला नकोत.

दौलताबादला पुढे काय झालं तेही लिहून ठेवतो. पहारेकऱ्याने बाबासाहेबांना नाव विचारलं, कागदावर लिहून घेतलं आणि चिठ्ठी आत अधिकाऱ्याकडे गेली. परवानगी मिळाली, पण किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. हुकूम पाळला जातो की नाही हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला. देवगिरीचा तो सारा चढ त्यांनी मागे बंदूक घेऊन चढला.

त्यानंतर सोळा वर्षांनी, जून १९५० मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मराठवाड्यात कॉलेज काढलं. जागा निवडली तेव्हाच्या औरंगाबादेत, दौलताबादच्या त्या हौदापासून साधारण पंधरा किलोमीटरवर. पायाभरणीला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले. तेच मिलिंद महाविद्यालय. प्रत्येकाने आपापल्या धर्माप्रमाणे वागावं म्हणणारा तो तरुण १९३४ मध्ये विशीतला धरला, तर १९५० मध्ये त्याची मुलं शाळेत जात असतील. मिलिंदमध्ये प्रवेश सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना होता.